अंगी मुरलेल्या ज्ञानाची परीक्षा

संगीत शिकवण्याचा अधिकार कोणाला द्यावा, हा प्रश्न वरवर पाहता केवळ व्यवस्थेचा वाटतो: अभ्यासक्रम आखावा, परीक्षा घ्यावी आणि उत्तीर्ण झालेल्याच्या हाती प्रमाणपत्र ठेवावे. परंतु जे ज्ञान शब्दांत पुरते मांडता येत नाही, जे कानात, पावलांत आणि बोटांत वसते आणि नव्या प्रसंगाला सामोरे जातानाच प्रकट होते, त्याची पारख कशाच्या आधारे करायची, असे विचारताच हा प्रश्न ज्ञानमीमांसेचा होतो. म्हणजे ज्ञानाचे स्वरूप काय आणि ते असल्याचे कशावरून ओळखावे, याचा विचार करणाऱ्या तत्त्वज्ञानशाखेच्या कक्षेत येतो. स्विस संगीतकार एमिल झाक-डालक्रोझ (१८६५–१९५०) यांनी जिनिव्हात घडवलेली संगीतशिक्षणाची पद्धत या विचाराला विशेष उपयोगी पडते, कारण तिच्यात शिक्षकाची घडण आणि त्याची परीक्षा या दोन्ही गोष्टी श्रवण, देहाची हालचाल आणि उपज या तीन अंगांवर उभ्या आहेत. या पद्धतीच्या आधारे एक सिद्धान्त मांडता येतो: शिक्षकाच्या परीक्षेत त्याच्यापाशी काय साठवलेले आहे यापेक्षा, समोरच्या माणसाला तो कसा प्रतिसाद देतो हे तपासले पाहिजे, आणि असा प्रतिसाद नियमांत बसत नसला तरी त्याचा निर्णय मनमानी ठरत नाही.

डालक्रोझ १८९२ मध्ये जिनिव्हाच्या संगीत विद्यालयात हार्मनीचे, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या परस्परसंबंधांच्या शास्त्राचे, प्राध्यापक झाले. कागदावर स्वरसंघातांची बिनचूक मांडणी करणारे त्यांचे विद्यार्थी स्वतः लिहिलेले स्वर मनात ऐकू शकत नव्हते. वाजवताना लय सांभाळू न शकणारा विद्यार्थी रस्त्याने चालताना मात्र समान गतीने पावले टाकत होता. यावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला की लय देहात आधीच वास करते आणि शिक्षणाने तिला जाणिवेच्या पातळीवर आणायचे असते. १९०५ मध्ये झोलोथुर्न येथे संगीतशिक्षकांपुढे त्यांनी हे विचार मांडले, आणि मानसशास्त्रज्ञ एदुआर क्लापारेद यांच्याशी झालेल्या चर्चांतून त्यांना शास्त्रीय बैठक मिळत गेली. १९१० मध्ये ड्रेस्डेनजवळच्या हेलेराऊ येथे वोल्फ डोर्न यांच्या साहाय्याने त्यांची संस्था उभी राहिली, १९१४ च्या महायुद्धामुळे त्यांचे तेथील कार्य थांबले आणि १९१५ मध्ये जिनिव्हात त्यांच्या नावाची संस्था स्थापन झाली. पद्धत देशोदेशी पसरू लागली तसा, तिच्या नावाने कोणी शिकवावे हा प्रश्न अटळ झाला. आज प्रमाणपत्र, लायसन्स आणि डिप्लोमा अशा चढत्या पायऱ्यांनी शिक्षकाचा अधिकार ठरवला जातो.

या परीक्षांत काय तपासले जाते हे नीट पाहिल्याशिवाय त्यांमागील तात्त्विक प्रश्न कळत नाही. पहिले अंग श्रवणाचे. त्यासाठी सोल्फेज, म्हणजे स्वरनामांसह गाऊन कान तयार करण्याचा अभ्यास, वापरला जातो आणि त्यात डालक्रोझ यांनी एक वैशिष्ट्यपूर्ण सराव घातला: पाश्चात्त्य संगीतातील निरनिराळ्या मेजर स्वरसप्तकांचे गायन प्रत्येकाच्या आपापल्या आधारस्वरापासून सुरू न करता एकाच ‘दो’ स्वरापासून त्याच्या वरच्या ‘दो’पर्यंत करायचे. असे केले की सुरुवातीचा स्वर तोच राहतो आणि अर्धस्वरांच्या जागा मात्र बदलतात, त्यामुळे सप्तक ओळखण्यासाठी विद्यार्थ्याला नावाचा आधार उरत नाही, स्वरांमधील अंतरेच ऐकावी लागतात. हिंदुस्थानी संगीताच्या जाणकाराला यात ओळखीची वाट सापडेल. ‘दो’ला षड्ज मानले, तर याच रीतीने गायलेल्या जी मेजरमधून कल्याण थाटाचे स्वर मिळतात, एफ मेजरमधून खमाजचे, बी फ्लॅटमधून काफीचे, ई फ्लॅटमधून आसावरीचे आणि ए फ्लॅटमधून भैरवीचे. दोन परंपरांची उद्दिष्टे भिन्न असली तरी स्थिर षड्जाच्या संदर्भात स्वरांतरे जोखणारा कान दोघींनाही हवा आहे, हे यावरून दिसते.

दुसरे अंग हालचालीचे. विद्यार्थी हातांनी मात्रा दाखवतो, पावलांनी स्वरांची लांबी चालतो आणि संगीत बदलताच चाल बदलतो. पुढच्या पायरीवर तो नुकतेच ऐकलेले आवर्तन पावलांनी चालत असतानाच पियानोवर वाजत असलेले नवे आवर्तन कानांनी टिपत राहतो, आणि ते संपताच त्याचे चालणे सुरू करतो. येथे स्मरण, श्रवण आणि कृती एकाच क्षणी चालू असतात, आणि त्यांपैकी एकही ढळले तर पाऊल अडखळून ते उघड होते. नृत्याची शोभा या सरावाचे लक्ष्य नसते. काळ, अवकाश आणि शक्ती यांचा मेळ हे त्याचे लक्ष्य असते. तोच स्वर दुप्पट लांबवायचा तर देहाने अधिक अंतर कापावे लागते, किंवा तेवढ्याच अंतरासाठी शक्ती आवरून धरावी लागते, आणि हा हिशेब पावलाला कळल्याशिवाय विलंबित लयीचे वजन कळत नाही.

तिसरे अंग उपजेचे, म्हणजे आधी न बांधलेले संगीत त्या क्षणी घडवण्याचे. डालक्रोझ-शिक्षकाने वर्गात छापील रचनेवर विसंबून राहायचे नसते. मुलांच्या चालण्याकडे पाहत त्याने पियानोवर संगीत निर्माण करायचे असते. लहान मूल स्वतःच्या गतीने चालू लागले की शिक्षक आधी त्या गतीशी जुळवून घेतो, मग हळूहळू तिला दिशा देतो, आणि उडी, थांबणे किंवा वळणे यांची सूचना शब्दांऐवजी स्वरांतून करतो. म्हणूनच या परीक्षांत उमेदवाराने स्वतः गाणे, चालणे आणि वाजवणे पुरेसे मानले जात नाही. त्याला परीक्षकांसमोर प्रत्यक्ष वर्ग घ्यावा लागतो.

येथे पहिली तात्त्विक अडचण उभी राहते. पाश्चात्त्य विचारात दीर्घकाळ अशी समजूत होती की शहाणपणाने केलेली कृती म्हणजे आधी मनात नियमाचा विचार आणि नंतर देहाकडून त्याची अंमलबजावणी. हे खरे असेल तर परीक्षा नियमांच्या ज्ञानाचीच घ्यावी, कारण देह हा केवळ नोकर ठरतो. ब्रिटिश तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइल यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मनविषयक ग्रंथात या समजुतीतील दोष दाखवला. नियमाचा विचार करणे हीदेखील एक कृतीच आहे आणि तीही शहाणपणाने किंवा मूर्खपणाने करता येते. मग तिच्यासाठी आणखी एक पूर्वविचार लागेल, त्याच्यासाठी आणखी एक, आणि ही साखळी कधीच संपणार नाही. ज्या अर्थी माणसे प्रत्यक्षात शहाणपणाने वागतात, त्या अर्थी शहाणपण कृतीच्या आधी कोठेतरी बसलेले नसून कृती करण्याच्या रीतीतच असले पाहिजे. आवर्तन चालता चालता पुढचे आवर्तन ऐकणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हे स्पष्ट दिसते: त्याचे पाऊल त्याच्या जाणिवेचा पुरावा तर असतेच, शिवाय ती जाणीव त्या पावलाखेरीज अन्यत्र पूर्ण रूपात नसते.

दुसरी अडचण उपजेची आहे आणि ती अधिक खोल आहे. जे पूर्वनियोजित नाही त्याची तयारी कशी करायची, आणि जे मुक्त आहे त्याला गुण कसे द्यायचे? उमेदवाराने परीक्षेसाठी काही वाक्ये घोटून आणली असतील तर ती उपज राहत नाही. आणि त्याने मनाला येईल ते वाजवले तर ते तपासण्याजोगे राहत नाही. मुक्तता म्हणजे बंधनाचा अभाव, असे गृहीत धरल्यामुळे हा पेच निर्माण होतो. ख्याल गाणाऱ्याची उपज राग, ताल आणि बंदिश यांच्या चौकटीत उमलते आणि त्या चौकटीला उत्तर देते म्हणूनच ती अर्थपूर्ण ठरते. डालक्रोझ-शिक्षकाच्या उपजेची चौकट तर सजीव आहे, कारण समोर चालणारे मूल हीच ती चौकट आहे. मूल दमले आहे, घाईत आहे, की मात्रेच्या थोडे मागे पडत आहे, हे ऐकून-पाहून शिक्षकाचा पुढचा स्वर ठरायचा असतो, आणि तो तसा ठरला की नाही हे पाहणाऱ्यांनाही समजते. म्हणून परीक्षकाने उमेदवाराच्या स्वररचनेची मौलिकता मोजण्यापेक्षा ती रचना कशाला उत्तर देत होती, हे पाहावे. सुंदर वाजवणारा, पण मुलांकडे लक्ष नसलेला उमेदवार शिक्षक म्हणून अनुत्तीर्ण होतो, आणि या निर्णयात कलेवर अन्याय नाही, कारण येथे अवधान हाच कलेचा गाभा आहे.

भारतीय परंपरेला हा विचार नवा नाही. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ या नाटकात गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांमध्ये श्रेष्ठ कोण, असा वाद उभा राहतो. निर्णयाचे काम परिव्राजिका कौशिकीकडे येते, आणि ती असे प्रतिपादन करते की एखाद्याची कला स्वतःच्या ठायी उत्तम असते, दुसऱ्याची ती इतरांपर्यंत पोचवण्याची हातोटी विशेष असते, आणि ज्याच्या ठायी दोन्ही गोष्टी आहेत त्यालाच शिक्षकांमध्ये अग्रस्थान द्यावे. म्हणूनच आचार्यांची पारख त्यांच्या वादकौशल्यावरून न करता शिष्येच्या प्रयोगावरून करण्याचे ठरते, आणि विदर्भाची राजकन्या मालविका रंगभूमीवर येते. हा निकष उत्तम आहे. पण ही स्पर्धा मुळात राजाला मालविका दिसावी म्हणून विदूषकाने जुळवून आणलेली असते, त्यामुळे मालविकेचा प्रयोग झाल्यावर हरदत्ताची पाळी पुढे ढकलली जाते. निकष कितीही योग्य असला तरी परीक्षेचा हेतू शुद्ध नसेल तर तो वाकवला जातो, ही गोष्ट नाटककाराने प्रसंगातूनच दाखवली आहे. पुढे तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवानेही गायकांचे पाच प्रकार सांगताना शिक्षाकाराला, म्हणजे कमतरता न ठेवता विद्या देऊ शकणाऱ्याला, वेगळे स्थान दिले.

अशा परीक्षेवर गंभीर आक्षेप असा की अवधान, प्रतिसाद आणि जिवंतपणा यांचे मोजमाप होत नाही, म्हणून त्यांच्या नावाखाली परीक्षकाची आवडनिवडच निकाल लावते. त्यापेक्षा ठरलेल्या मुद्द्यांची यादी आणि प्रत्येकाचे गुण ही पद्धत अधिक न्याय्य आहे. या आक्षेपात तथ्य आहे आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. उत्तराचा पहिला भाग जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कांट यांच्याकडून मिळतो. १७८१ च्या आपल्या प्रमुख ग्रंथात त्यांनी दाखवले की एखादा प्रसंग नियमाखाली येतो की नाही हे ठरवण्यासाठी आणखी एक नियम मागितला, तर तो लावण्यासाठीही पुन्हा नियम लागेल; म्हणून निर्णयशक्ती ही सूत्रांनी शिकवता येत नाही, सरावानेच घडवता येते. मुद्द्यांची यादी केली तरी ‘लयीची जाण’ या मुद्द्यासमोर किती गुण लिहायचे हे शेवटी कोणाच्या तरी कानानेच ठरवावे लागते, म्हणजे यादीमुळे निर्णय टळत नाही, केवळ झाकला जातो.

उत्तराचा दुसरा भाग सहृदयाच्या संकल्पनेत आहे. काव्यमीमांसक अभिनवगुप्तांच्या मते काव्याच्या सततच्या अभ्यासाने ज्याचा मनरूपी आरसा स्वच्छ झाला आहे, तो सहृदय. येथे रसग्रहणाची योग्यता जन्मसिद्ध आवडीवर सोडलेली नाही, ती अभ्यासाने मिळवायची आहे. आणि जे अभ्यासाने मिळते ते इतरांनाही मिळू शकते, म्हणून ते खाजगी राहत नाही. शिक्षकाची परीक्षा घेणाऱ्याला ही अट लागू केली की त्याचे कर्तव्यही ठरते: त्याने स्वतः त्याच मार्गाने शिकलेले असावे, त्याच्याबरोबर दुसरा परीक्षक असावा, आणि त्याने आपला निर्णय वर्गातील नेमक्या जागा दाखवून उमेदवाराला समजावून द्यावा. कोणत्या क्षणी मुलांचे पाऊल मागे पडले आणि शिक्षकाचा डावा हात तसाच पुढे गेला, हे दाखवता येते. ते दाखवल्यावर उमेदवारालाही दिसते. जे दाखवता येते ते मोजता आले नाही तरी त्यावर वाद करता येतो, आणि ज्यावर सकारण वाद करता येतो त्याला मनमानी म्हणता येत नाही.

देहाच्या विविधतेचा प्रश्न याच न्यायाने सोडवावा लागतो. ज्याचे पाय चालत नाहीत किंवा ज्याला दिसत नाही, त्याला हालचालीवर आधारलेली परीक्षा दारातच अडवणार असेल, तर तिचा तात्त्विक पाया चुकीचा म्हणावा लागेल. परंतु काळ, अवकाश आणि शक्ती यांचा मेळ एका हाताच्या हालचालीतूनही व्यक्त होतो, आणि अंध विद्यार्थ्यांसाठी डालक्रोझ यांनी स्वतः अभ्यास सुचवले होते. तपासायचे ते देहाचे सौष्ठव नव्हे. त्या देहाला साध्य असलेल्या हालचालीत संगीत उतरले आहे की नाही, एवढेच.

महाराष्ट्राच्या संगीतजीवनात परीक्षांची परंपरा दृढ आहे. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन करून संगीतशिक्षणाला घराण्याच्या उंबरठ्याबाहेर आणले, आणि त्या परंपरेतील अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते अलंकार या परीक्षांनी अनेक पिढ्यांना शिस्तबद्ध अभ्यासाची वाट दिली. हे ऋण मोठे आहे. तरीही त्यांतील विशारद परीक्षा उत्तीर्ण होणे म्हणजे राग आणि ताल जाणणे, गाणे किंवा वाजवणे आणि शास्त्र लिहिणे. हे ज्ञान मुलांपुढे उभे राहून, त्यांचा बेसूर ऐकून, त्यातूनच पुढचा पाठ घडवण्याच्या सामर्थ्याची ग्वाही देत नाही. परिव्राजिकेने मागितलेले दुसरे अंग तपासायचे असेल, तर शिक्षक म्हणून नेमल्या जाणाऱ्या प्रत्येकाने जाणत्या परीक्षकांसमोर प्रत्यक्ष वर्ग घ्यावा, अनोळखी मुलांना शिकवावे, ऐनवेळी त्यांच्यासाठी स्वर आणि बोल रचावेत, आणि परीक्षकांनी आपला निकाल कारणांसह द्यावा. ज्या शिक्षकाला मुलांचे ऐकू येत नाही, त्याच्याकडून मुले ऐकायला शिकत नाहीत. म्हणून संगीतशिक्षकाच्या कोणत्याही परीक्षेत त्याच्या गाण्याआधी त्याचे ऐकणे तपासले गेले पाहिजे.