आजचे चिंतन : धरणी हलते तेव्हा

(गीता, अध्याय ५, श्लोक १५)

आजच्या श्लोकात भगवंत सांगतात की परमेश्वर कोणाचं पाप घेत नाही आणि कोणाचं पुण्यही घेत नाही. आपलं ज्ञान अज्ञानाने झाकलेलं असतं, म्हणून आपण मोहात पडतो.

हा श्लोक वाचला की मला किल्लारी आठवते. २९ सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशी. लोक बाप्पाचं विसर्जन करून झोपले आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. लातूर-उस्मानाबादकडची गावंच्या गावं ढिगारा झाली. सुमारे १०,००० माणसं गेली.

अशा वेळी "देवाचा कोप झाला, पाप वाढलं" असं हमखास बोललं जातं. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर खुद्द गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे असं म्हटलं होतं. रवींद्रनाथ टागोर अस्पृश्यतेच्या विरोधातच होते, पण हे त्यांना पटलं नाही. निसर्गातल्या घटनेचं कारण निसर्गातच असतं, असं त्यांचं म्हणणं.

आणि खरंच बघा. भारताचा भूपट्ट वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतोय. त्या रेट्यानेच हिमालय उभा राहिला, म्हणून आपल्याला गंगा-यमुना मिळाल्या. त्याच रेट्याचा ताण दख्खनच्या जुन्या खडकांतही साठतो आणि कधीतरी एखादी भेग सरकते. गंगेत डुबकी मारताना आपण विचारत नाही की माझ्या कोणत्या पुण्याईने हा हिमालय वर आला. मग भूकंप झाला की पाप कोणाचं, हे का शोधतो?

"आम्ही वाचलो, आमची पुण्याई" असं आपण सहज बोलून जातो. पण त्यात जे गेले ते पापी ठरतात, हे लक्षातच येत नाही. त्या पहाटे आईच्या कुशीत झोपलेल्या तान्ह्या बाळाचं पाप कोणतं? कोणी म्हणेल, पूर्वजन्माचं. अहो, पण दुसऱ्याच्या पूर्वजन्माचा हिशोब मांडायला आपल्याला कोणी बसवलंय? कर्माचा सिद्धांत स्वतःच्या हातांकडे बघायला आहे, दुसऱ्याच्या प्रेताकडे बोट दाखवायला नाही.

तिथली घरं माळवदाची होती. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर मातीचं जड छत. उन्हाळ्यात गार, पण हादरा बसला तेव्हा तीच घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. धरणी हलणं आपल्या हातात नाही. भिंत कशी बांधायची, आणि पडलेल्याला उचलायला धावायचं की त्याचं पाप मोजत बसायचं, एवढं मात्र आहे.

आज देवापुढे हात जोडताना एवढंच मागूया : देवा, दुसऱ्याच्या दुःखात तुझी शिक्षा शोधायची बुद्धी मला देऊ नकोस.

राम कृष्ण हरी!