डोंगरावरील सुट्टी आणि डोंगराखालील घरे

ज्या स्थळी आपण मुलाबाळांसह सुखाचे दिवस घालविले, त्याच डोंगरावर व त्याच्या पायथ्याशी पुढे मोठे अरिष्ट कोसळले, तर त्या सुखाची आठवण काढावी की काढू नये? हा प्रश्न ऐकावयास क्षुल्लक वाटतो. ज्याचे छप्पर शाबूत आहे अशा मनुष्याचा हा रिकामपणचा विचार आहे, असेही कोणी म्हणेल. परंतु सन २०२१ च्या जुलैपासून हा प्रश्न आमच्या घरात वारंवार निघत आला आहे, आणि त्याचे सरळ उत्तर दिल्यावाचून आमची मुले आम्हांस सोडीत नाहीत. तेव्हा वाचकांसमोर तो मांडून पाहावा असे योजिले आहे.

प्रथम जे घडले ते सांगितले पाहिजे. महाबळेश्वरास पाऊस नवा नाही. तेथे वर्षाकाठी साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस होतो, आणि मृगाच्या आधी तेथील रहिवासी आपल्या घरांच्या भिंती गवताने अथवा पत्र्यांनी झाकून घेतात. परंतु २३ जुलै २०२१ रोजी सकाळी संपलेल्या एका अहोरात्रात तेथे सुमारे ५९४ मिलिमीटर, म्हणजे तेवीस इंचांहून अधिक पाऊस मोजला गेला. वर्षाचा दहावा हिस्सा एका दिवसात! त्याच दोन दिवसांत सह्याद्रीच्या दोन्ही अंगांस काय झाले ते पुष्कळांस आठवत असेल. पश्चिमेस सावित्रीचे पाणी महाडात शिरले, आणि वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले. महाड तालुक्यातील तळिये गावावर २२ तारखेस दरड कोसळली, तीत ऐंशीहून अधिक माणसे गेली. कित्येकांची प्रेतेही सापडली नाहीत, आणि शेवटी सरकारास त्यांस मृत म्हणून जाहीर करावे लागले. पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर-सुतारवाडी, आणि डोंगराच्या पूर्वेस पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव व ढोकावळे ह्या वस्त्यांवरही दरडी आल्या. महाबळेश्वराहून पोलादपुराकडे उतरणारा आंबेनळीचा घाट ठिकठिकाणी वाहून गेला.

आता आमच्या सुखाविषयी. ते फार मोठे नव्हते. वैशाखात शाळांस सुट्टी लागली म्हणजे एका स्नेह्याच्या कृपेने महाबळेश्वराच्या बाजारापासून दूर दोन खोल्या आठ दिवस मिळत. वाईहून एस.टी.ने पसरणीचा घाट चढावयाचा. अर्ध्या घाटात वारा बदले व मुले खिडकीबाहेर हात काढीत, आणि त्यांची आई त्यांस दर वेळी रागे भरे. वर गेल्यावर विशेष काही करावयाचे नसे. जांभळे व करवंदे खावी, तांबड्या मातीने कपडे माखून घ्यावे, वेण्णा तलावाच्या काठी बसावे, आणि एक दिवस आर्थर सीटच्या कड्यावर जाऊन खाली सावित्रीच्या खोऱ्यात पाहावे. तो कडा आमच्या मुलांस सर्वांत प्रिय. तेथून टोपी टाकली तर वारा ती परत वर आणितो, हे त्यांनी किती वेळा करून पाहिले असेल! खाली धुक्यात कोठे कोठे कौलारू घरे दिसत, धूर दिसे. धाकटा एकदा म्हणाला, ही खेळण्यातली गावे आहेत. आम्ही सर्व हसलो होतो.

तो पाऊस झाल्यावर ह्याच वाक्याने मुलांच्या आईस अस्वस्थ केले. तिचे म्हणणे असे की, ज्या घरांस आपण खेळणी म्हटले त्यांच्यासारख्याच घरांवर डोंगर आला. आता त्या सुट्ट्यांची चित्रे भिंतीवर कशास ठेवावी? पेटीत घालून ठेवावी हे बरे. थोरल्या मुलीचे म्हणणे निराळे. आपण कोणाचे काही घेतले नाही, कोणाचे वाईट केले नाही. मग आपले सुख आपण लपवावे का? आम्हांस वाटते की, ह्या दोन मतांत ह्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू आल्या आहेत, आणि दोहोंतही खरेपणा आहे.

आठवण पुसून टाकावी ह्या मताचा विचार आधी करू. त्याच्या मुळाशी दया आहे, म्हणून ते झटकून टाकता येत नाही. मृताच्या घराजवळून जाताना आपण गाणे थांबवितो. कोणी तसा हुकूम दिलेला नसतो. परंतु गाणे थांबविणे निराळे आणि आपण कधी गायिलोच नाही असे भासविणे निराळे. जे सुख झाले ते झाले. ते झालेच नाही असे म्हटल्याने तळियेतील एकाही घराचे कौल परत बसणार नाही. शिवाय असे पाहा, ज्यांची घरे गेली त्यांच्याही त्या डोंगराविषयी सुखाच्या आठवणी असणारच. तेथे त्यांची लग्ने झाली, तेथेच त्यांनी नाचणी पेरली, तेथेच होळी पेटविली. गावाचा मागमूस नाहीसा झाल्यावर त्या आठवणीवाचून त्यांच्याजवळ त्या गावाचे दुसरे काय उरले? ज्यांचे सर्व गेले ते जर आठवण टाकीत नाहीत, तर ज्यांचे काहीच गेले नाही त्यांनी ती टाकण्याचे सोंग करणे हा त्यांचा मान नव्हे.

परंतु आमच्या मुलीचे मतही जसेच्या तसे घेता येत नाही. आपले सुख निरुपद्रवी होते हे खरे. ते पुरे होते का? सुट्टीच्या आठवणीत एक दोष स्वभावतःच असतो. आपण आठ दिवसांकरिता जातो, आणि आठ दिवसांत जेवढे दिसते तेवढ्यालाच डोंगर म्हणतो. चारही महिन्यांचा पाऊस, गवताने झाकलेल्या अंधाऱ्या खोल्या, ओल्या लाकडांचा धूर, बाळंतिणीस डोलीत घालून घाट उतरणारी माणसे, हे आपल्या डोंगरात नसते. आमच्या आठवणीत करवंदे होती, पण ती विकणारी बाई कोणत्या वाडीतून किती पहाटे निघत असे हे नव्हते. सात-आठ वर्षे तिच्याच टोपलीतून घेऊन आम्ही तिचे नावही विचारिले नव्हते. आमचे ओझे वाहणाऱ्या माणसाचा चेहरा आठवतो, गाव आठवत नाही. अशी आठवण खोटी नव्हे. परंतु ती अपुरी असते, आणि अपुरी गोष्ट पुरी म्हणून सांगू लागलो म्हणजे तिचे खोट्यात रूपांतर होण्यास वेळ लागत नाही. 'किती शांत जागा होती, आणि पाहा काय झाले!' असे शहरातील मंडळी म्हणतात. ती जागा त्यांच्यापुरती शांत होती. जो तेथे राहतो त्यास डोंगर कधी शांत वाटला नाही. तो दर आषाढात रात्री उठून ओढ्याचा आवाज ऐकतो.

म्हणून आठवण टाकूही नये आणि जशीच्या तशी ठेवूही नये. तिच्यात जे राहिले ते भरावे, असे आम्ही घरी सांगितले. हे बोलण्याइतके सोपे नाही. थोरलीने त्या वेळी नकाशा काढून सावित्री कोठे जाते ते धाकट्यास दाखविले. एकाच माथ्यावरून निघून कृष्णा, वेण्णा व कोयना पूर्वेकडे जातात, सावित्री पश्चिमेकडे बाणकोटच्या खाडीस मिळते. जो थेंब आपल्या अंगणात गार वाटतो तोच महाडच्या बाजारात गळ्याइतका होतो, हे त्याने बोट फिरवून पाहिले. त्यानंतर 'खेळण्यातली गावे' हा शब्द त्याने पुन्हा उच्चारला नाही, आणि आम्हीही त्यास त्याची आठवण दिली नाही. पाच वर्षांच्या मुलाच्या बोलण्यावर पाप लादणे आम्हांस पसंत नाही.

येथे आणखी एक गोष्ट बोलून ठेविली पाहिजे, कारण खेड्यांतून ती आमच्या कानी आली आहे. अमुक गावावर दरड आली, अर्थी त्या गावाचे काही वाईट कर्म असले पाहिजे, असे म्हणणारे लोक आहेत. आणि दुःखाची गोष्ट अशी की, ते आपल्या मंडळ्यांतही आहेत. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली तेव्हाही लोकांनी हाच तर्क केला होता, व त्यास काय उत्तर मिळाले ते आपल्या वाचकांस सांगावयास नको. दरडीचे कारण मातीत व पाण्यात शोधावे. घट्ट काळ्या पाषाणावर झिजलेली भुसभुशीत माती बसलेली असते. तीत पाणी मुरून ती जड होते, खालची पकड ढिली होते, आणि उतार तिला धरीत नाही. माथ्यावरचा जांभा दगडही पाणी पितो. ह्यात कोणाच्या कर्माचा हिशेब नाही. मनुष्याने उतार कापिले, झाडे तोडिली, ओढ्याची वाट अडविली, तर तो हिशेब मात्र निराळा, आणि तो बहुधा गरीब वाडीच्या नावे निघत नाही. महाबळेश्वर-पाचगणीचा प्रदेश केंद्र सरकारने सन २००१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या जपण्याचा म्हणून ठरविला; माधव गाडगीळ ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ साली सर्व पश्चिम घाटाविषयी अहवाल दिला, व त्यावर पुष्कळ भांडण झाले. आम्ही त्या भांडणात येथे शिरत नाही. एवढेच म्हणतो की, आम्हांसारखे जे पाहुणे होऊन जातात त्यांनीच डोंगरावर खोल्यांची मागणी वाढविली आहे. त्यांनी त्या अहवालाविषयी अगदीच उदासीन असावे हे बरे दिसत नाही.

दुःखाच्या मापाविषयीही थोडे. कोठे मयत झाली म्हणजे कधी कधी असे दिसते की, दूरचा आप्त विधवेपेक्षा मोठ्याने रडतो, आणि बायका एकमेकींकडे पाहतात. त्याचे रडणे खोटे असेलच असे नाही, पण ते आपली जागा सोडून पुढे आलेले असते. आपल्या आवडत्या पायवाटा गेल्या, दरीचे रूप पालटले, म्हणून आम्हांसही वाईट वाटले. पुढे आंबेनळीच्या घाटात नव्या बांधाच्या भिंती पाहून घशात काही दाटले, हे लपवीत नाही. परंतु ते दुःख मागच्या रांगेत बसणारे आहे. तळियेच्या लोकांनी डब्यासारख्या कंटेनरच्या घरांत उन्हाळे काढले व पक्क्या घरांची वर्षानुवर्षे वाट पाहिली. त्यांच्यासमोर 'आमचा डोंगर' हा शब्द काढण्यास जीभ कचरते. आमच्या घरी चित्रे भिंतीवर राहिली. मुलांच्या आईने ती काढली नाहीत. सुट्टीसाठी दर महिन्यास बाजूस पडत असे तो पैसा त्या वर्षी व पुढच्या वर्षी खालच्या गावांस गेला, आणि तो दान म्हणून नव्हे, राहिलेले भाडे म्हणून द्यावा, असा तिचाच आग्रह होता. तो शब्द आम्हांस आवडला.

दोन उन्हाळे चुकवून आम्ही पुन्हा वर गेलो. जावे की जाऊ नये ह्यावर पुष्कळ बोलणे झाले होते. घोडेवाला, खानावळवाली, करवंदे विकणारी, ह्यांचे वर्ष त्या दोन महिन्यांवर चालते; आपण शोक म्हणून न गेल्यास त्या शोकाचा खर्च त्यांच्या माथी बसतो. हे ध्यानात आल्यावर वाद मिटला. ती बाई भेटली नाही. तिच्या जागी दुसरी एक तरुण बाई बसली होती. आमच्या मुलीने प्रथम तिचे नाव विचारिले, मग गाव, आणि मग करवंदांचा भाव.

ह्या प्रश्नाची एक शाखा अजून आमच्याने सुटली नाही. आता तरुण मंडळी धबधबे पाहण्याकरिता भर जुलैत घाटावर जातात. हवामान खात्याने धोक्याची सूचना दिली व घाट बंद झाला म्हणजे ती रस्त्यावरील शिपायाशी हुज्जत घालितात, आणि ज्या रात्री खालच्या वाडीतील म्हातारी आपले गाठोडे बांधून शाळेत निजावयास जाते, त्या रात्री वर सडकेवर गाण्याच्या पेट्या वाजतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळवाडीवर दरड आली, तीही माथेरानपासून फार दूर नव्हे. पावसाचे सौंदर्य पाहू नये असे आम्ही म्हणू शकत नाही; आमची थोरलीही जाऊ इच्छिते. तिला आम्ही अद्याप हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. घाट उघडा आहे की बंद, हे खालच्या गावातून विचारून ये, एवढेच सांगितले आहे.