बिरुयाची सवय

आजचे वाचन: प्रेषितांची कृत्ये 17:10-12, योहान 4:5-42

थेस्सलनीकात दंगा झाला, तेव्हा पौल आणि सीला यांना भावांनी रातोरात बिरुया गावी धाडलं. तिथल्या सभास्थानात पौल बोलला. लोकांनी मोठ्या उत्सुकतेनं ऐकून घेतलं आणि मग शास्त्र उघडून बसले: हा सांगतो ते खरंच तसं लिहिलंय का? एक दिवस नाही, रोज. लूक या लोकांना थेस्सलनीकावाल्यांपेक्षा थोर मनाचे म्हणतो. वास्तविक ज्याचा शब्द ते ताडून पाहत होते, तो खुद्द पौल होता. पण त्याला याचा राग आला असं कुठे लिहिलेलं नाही. पुढच्याच ओळीत विश्वास ठेवणाऱ्यांमध्ये प्रतिष्ठित ग्रीक स्त्रिया येतात, आणि त्यांचा उल्लेख पुरुषांच्या आधी होतो.

आपल्या मराठी मंडळीत ही सवय सर्वांत जास्त कुणाला होती, असं कुणी विचारलं तर मी पंडिता रमाबाईंचं नाव घेईन. केडगावच्या मुक्ती मिशनच्या रमाबाई. त्यांच्या समाजकार्यावर भरपूर बोललं जातं, ते बोलायलाच हवं. त्या वाचक कशा होत्या, हे मात्र कुणी फारसं सांगत नाही.

वाचन त्यांना नवं नव्हतं. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं आणि आईनं ते रमाबाईंना दिलं. हे कुटुंब गावोगाव, तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरायचं. ऐकणाऱ्याला अर्थ कळो न कळो, कानावर पडलं की पुण्य, अशी तेव्हाची समजूत होती आणि रमाबाईंनी ती पुढे स्वतःच लिहून ठेवली आहे. दुष्काळात आई, वडील, बहीण गेली. भावासोबत त्या कलकत्त्याला पोचल्या, तिथे विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. लग्नानंतर आसामात सिल्चरला असताना घरातल्या पुस्तकांत लूकचं शुभवर्तमान बंगालीत सापडलं. त्यांनी ते वाचलं. पुढे 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या भगिनींकडे राहिल्या आणि त्याच वर्षी 29 सप्टेंबरला मनोरमा या लहानग्या लेकीसह त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आपल्या साक्षीच्या सभांत गोष्ट इथे संपते. टाळ्या, गीत, चहा. रमाबाईंच्या बाबतीत खरी गोष्ट इथे सुरू होते.

बाप्तिस्म्यानंतरच्या वर्षांत त्यांचा वाँटेजच्याच सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला पत्रव्यवहार छापलेला आहे. तो वाचताना दोघींचीही दया येते. सिस्टरना वाटायचं, नवी विश्वासी आहे, हिनं मंडळीची शिकवण नम्रपणे स्वीकारावी. रमाबाई विचारायच्या: त्रैक्याचा सिद्धांत शास्त्रात नेमका कुठे आहे? अथनासियसच्या नावानं चालणारा मतांगीकार मला बंधनकारक कसा? क्रुसावर लॅटिन अक्षरंच का, आपल्या संस्कृतात काय कमी आहे? भारतातल्या पुरोहितांच्या जोखडाखालून आत्ताच सुटले आहे, लगेच दुसरं जोखड मानेवर घेणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी स्पष्ट लिहिलं. ख्रिस्ताला मात्र त्यांनी सोडलं नाही. शाकाहारही सोडला नाही. ख्रिस्ती होणं म्हणजे इंग्रज होणं नव्हे, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. शास्त्रात तशी अट त्यांना दिसली नाही, एवढंच.

मला विचाराल तर हा उद्धटपणा नव्हता. बिरुयाच्या लोकांनी केलं तेच हे.

आता योहानाचा चौथा अध्याय. लंडनजवळ फुलहॅमला वाँटेजच्या भगिनींचं एक घर होतं, समाजानं टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी. ते पाहून रमाबाई चकित झाल्या. असल्या बायकांची कुणी एवढ्या मायेनं काळजी का घ्यावी? तेव्हा त्यांना याच अध्यायातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगण्यात आली. त्या गोष्टीनं आपल्या मनात काय घडवलं, हे त्यांनी पुढे आपल्या साक्षीत लिहिलं.

हा अध्याय आपण इतक्यांदा ऐकलाय की तो कानांवरून घसरून जातो. पाच नवरे, जिवंत पाणी, आमेन. सावकाश वाचला तर काही वेगळंच दिसतं: ती बाई सारखी प्रश्न विचारते आहे. तू यहूदी असून माझ्याकडे पाणी कसं मागतोस? पोहरा नाही, विहीर खोल, तू पाणी काढणार कशानं? आमच्या याकोबापेक्षा तू मोठा आहेस का? आणि मग सरळ धर्मशास्त्रालाच हात: उपासना या डोंगरावर करायची की यरुशलेमेत? कुठल्याही प्रश्नावर येशू तिला गप्प बसवत नाही. नवऱ्यांचा विषय तो काढतो, पण तिच्या डोंगराच्या प्रश्नाला टाळत नाही. उलट उपासनेबद्दलची फार खोल शिकवण त्यानं याच बाईला दिली, भर दुपारी, शिष्य अन्न आणायला गेलेले असताना. परत आल्यावर शिष्यांना आश्चर्य वाटलं ते तो एका बाईशी बोलतो आहे याचं. तिला नेमकं काय सांगितलं, हे कुणी विचारलंच नाही.

रमाबाईंना या विहिरीपाशी स्वतःची जागा सापडली असणार, असं मला वाटतं. तरीही पुढचा रस्ता लांब होता. भारतात परतल्या, 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, ते पुण्याला नेलं. आणि 1891 च्या सुमाराला, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, त्यांना उमगलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळालाय, ख्रिस्त अजून हवाय. त्यांनी हे झाकून ठेवलं नाही, साक्षीत लिहून टाकलं. पाळकांच्या घरात जन्मलेल्या, चौथ्या पिढीच्या ख्रिस्ती माणसालाही हे वाक्य अस्वस्थ करून जातं. आपलं नाव ख्रिस्ती, लग्न चर्चमध्ये, नाताळच्या करंज्या सगळ्या आळीला. भिंतीवर वचनाचं कॅलेंडर, मोबाइलवर रोज सकाळी फुलांच्या चित्रासह एक वचन. पण त्या वचनाच्या आधीची ओळ कोणती, नंतरची कोणती? वचन एकट्यानं आलं की ते पारायणासारखंच कानाला गोड लागतं, आणि तेवढ्यावर भागतं.

आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांत रमाबाई इब्री आणि ग्रीक शिकल्या आणि सबंध बायबल मराठीत आणायला बसल्या. मराठी बायबल तेव्हा नव्हतं असं नाही. विल्यम केरींनी सेरामपूरहून नवा करार 1811 मध्येच छापला होता आणि पुढे इतरांनी सबंध शास्त्र आणलं होतं. रमाबाईंना हवं होतं ते दुष्काळातून उचलून आणलेल्या, नुकतंच अक्षर लावायला शिकलेल्या बाईला एकटीनं वाचता येईल असं. संस्कृत पंडिता, पण भाषा निवडली अगदी साधी. छपाईचं काम मुक्तीच्या छापखान्यात तिथल्याच स्त्रिया करत. 1921 मध्ये मनोरमा गेली. पुढच्या वर्षी 5 एप्रिलला रमाबाई गेल्या. तोवर अनुवाद हातावेगळा झाला होता. सबंध बायबल 1924 मध्ये प्रसिद्ध झालं.

आज योहानाचा चौथा अध्याय एका बैठकीत वाचू या, मध्ये न थांबता, शक्य असेल तर मोठ्यानं. मग दुसऱ्यांदा, हातात पेन्सिल घेऊन. जिथे मन अडेल तिथे खूण करा, भक्तिभावानं पुढे सरकू नका. अडलेलं रविवारी पाळकांना विचारा, पटलं नाही तर नाही पटलं असं सांगा. उद्या पाचवा अध्याय घेऊ.