मातृभाषेचा रकाना

गेल्या वैशाखात बेज्जूरला जाण्याचा योग आला. माझ्या आतेबहिणीचे सासर तिथले. तिच्या धाकट्या मुलाचे लग्न होते. बल्लारशाहहून रेल्वेने कागजनगर आणि पुढे बसने, सागाच्या रानातून. तेंदूपानांचे दिवस. ऊन असे की दुपारी सारे गाव दार लोटून बसलेले. प्राणहिता पूर्वेकडे, आणि तिच्या पलीकडे आपला गडचिरोली जिल्हा.

आम्ही राजुऱ्याकडचे. १९५६ साली आदिलाबाद जिल्ह्यातून राजुरा मुंबई राज्यात आला, बेज्जूर आंध्र प्रदेशात राहिले. आजोबांच्या काळी जी एकाच जिल्ह्यातली सोयरीक होती, ती अशी दोन राज्यांची झाली. पुढे २०१४ साली तेलंगण झाले, २०१६ साली बेज्जूर आसिफाबाद जिल्ह्यात गेले. ताईचे अंगण मात्र होते तिथेच आहे.

त्या अंगणात तिची सात वर्षांची नात खेळत होती. आजीकडे पाणी मराठीत मागे, आईकडे तेलुगूत. शिक्षकाची खोड जाता जात नाही. मी विचारले, "बाळ, तुझी मातृभाषा कोणती?"

"म्हणजे काय, आजोबा?"

"आई बोलते ती."

पोरीने क्षणभर विचार केला. "आई कुणाशी बोलते तेव्हा?"

मंडळी हसली. मीही हसलो. पण त्या रात्री अंगणातल्या बाजेवर मला झोप आली नाही.

कारण फार जुने आहे. मी तेव्हा साधा सहायक शिक्षक होतो. शाळेला जोडून प्राथमिक वर्ग होते आणि प्रवेशाचे काम माझ्याकडे होते. वस्तीतल्या काही पालकांनी मुलांना तेलुगूतून शिकवण्याची मागणी केली होती. राज्यघटनेच्या ३५०-क या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांसाठी प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी असे म्हटले आहे, आणि त्यासाठी वर्गात दहा किंवा शाळेत चाळीस मुले हा संकेत ठरलेला आहे. एका वर्गात नऊ नावे झाली होती. दहाव्या मुलाची आई आली. "तेलुगू," ती म्हणाली. मी रकान्यात मराठी लिहिले. "बाई, मुलाचे पुढचे सारे मराठीतच व्हायचे आहे, त्याच्याच भल्याचे आहे," असे वर समजावलेही. ती काही बोलली नाही. तेलुगूचा वर्ग निघाला नाही.

इतकी वर्षे मी स्वतःला सांगत आलो, की मी खोटे लिहिले नाही. ती बाई मुलाशी बाजारात मराठीच बोले, मी स्वतः ऐकले होते. नातीच्या प्रश्नाने तर माझी बाजू अधिकच भक्कम व्हायला हवी होती! आईला दोन भाषा, तर मी त्यातली एक लिहिली, एवढेच. पण बाजेवर पडल्या पडल्या उलटेच वाटू लागले. दोन्ही उत्तरे खरी असताना तिने एक निवडले होते. निवड तिची होती. नोंद खोटी नसेलही, पण ती करणारा हात माझा होता आणि तो माझ्या सोयीने चालला. सीमेपलीकडच्या मराठी शाळांविषयी आपण अशाच अंकांतून कळवळून लिहितो. मीही लिहिले आहे. तिकडच्या एखाद्या मास्तराने ताईच्या नातीचा रकाना परस्पर भरला, तर मी काय म्हणेन?

दुसऱ्या दिवशी पंक्तीत व्याही म्हणाले, "गुरुजी, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते. पुढे कोण विचारतो, पाणी कुणाचे?" उपमा गोड आहे, पण मला पटली नाही. पाण्याला परीक्षा द्यावी लागत नाही. मुलाला कुठल्या तरी एका भाषेत पेपर लिहावाच लागतो, आणि ती कोणती हे कुणीतरी ठरवतेच.

परतल्यावर जुने जनरल रजिस्टर काढून पाहिले. अक्षर माझेच, वळणदार. ती नोंद आता बदलता येत नाही.

या जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी एका बाईंना विचारले, "घरी कोणती भाषा?" त्या म्हणाल्या, "दोन्ही. तुम्हीच लिहा ना, सर, काय बरे दिसते ते."

मी फॉर्म त्यांच्याकडे फिरवला आणि पेन पुढे केले. मागे रांग खोळंबली होती, कारकून घड्याळाकडे पाहत होता. बाई बराच वेळ त्या बोटभर रकान्याकडे पाहत राहिल्या.