घाट आणि निवाडा

आख्यानकाव्यातील कथा तेवढी वेगळी काढली, तर तिचा आशय हाती येतो काय? हा प्रश्न वरवर साहित्यशास्त्राचा असला, तरी त्याच्या पोटात नीतीचा प्रश्न दडलेला आहे. उत्तर युरोपातील सिगुर्डची आख्यायिका या दृष्टीने पाहण्याजोगी आहे.

सिगुर्डने ब्रिन्हिल्डला वचन दिले होते. परंतु विस्मरणाचे पेय पाजले गेल्यामुळे ते विसरून त्याने गुड्रुनशी विवाह केला. पुढे गुड्रुनचा भाऊ गुन्नार याचे रूप घेऊन त्याने ब्रिन्हिल्डला गुन्नारसाठी जिंकून आणले. सत्य कळताच तिने सिगुर्डचा वध घडवून आणला आणि पाठोपाठ स्वतःचाही अंत करून घेतला. यात दोषी कोण?

या कथेची प्राचीन कवने सुमारे १२७० सालच्या एका आइसलँडी हस्तलिखितात आहेत. ते डेन्मार्ककडून १९७१ मध्ये आइसलँडला परत मिळाले. कवनांचा घाट अत्यंत आटोपशीर आहे. ओळीचे दोन अर्ध, प्रत्येक अर्धात दोन आघात आणि दोन्ही अर्धांना सांधणारा अनुप्रास. एवढ्या अरुंद जागेत विवेचनाला वाव नाही. पात्रे बोलतात, घाव बसतो. कवी बहुधा मौन पाळतो. निवाड्याचा भार वाचकावर पडतो.

विल्यम मॉरिसने १८७६ मध्ये हीच कथा दहा हजारांहून अधिक लांबलचक, सयमक ओळींत सांगितली. त्या संथ ओघात पात्रांचे दुःख आपल्या मनात आधी मुरते. न्याय करण्यापूर्वीच आपण करुणेने विरघळतो. टॉल्किनने मात्र इंग्रजीत लिहितानाही जुनेच वृत्त स्वीकारले; ते काव्य त्याच्या मृत्यूनंतर, २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

घटना त्याच असल्या, तरी आपली न्यायबुद्धी निरनिराळ्या जागी उभी राहते. भारतकथा श्रीधरांच्या ओवीत आणि मोरोपंतांच्या आर्येत वाचणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही.

शासकीय टिपणीत प्रकरणाचा सारांश येतो. त्यावर निर्णयही होतो. परंतु माणसाने काय सोसले, ते त्या चार ओळींत मावत नाही. काव्याचेही तसेच आहे. सारांश वाचून ब्रिन्हिल्डला दोषी ठरवणे सोपे आहे. काव्य त्याच्या घाटासह वाचल्यावर तो निवाडा देताना जीभ अडखळते. ते अडखळणे हा आशयाचाच भाग होय, आणि न्यायाचाही.