दोराचे दुसरे टोक

हिमालयातील गिर्यारोहणाचा हंगाम आणि आमच्या जालना जिल्ह्यातील पाणीटंचाईचा हंगाम एकाच वेळी येतात. चैत्र-वैशाखात इकडे विहिरींचा तळ दिसू लागतो आणि त्याच सुमारास तिकडे एव्हरेस्टच्या पायथ्याशी तंबूंचे गाव वसते. एप्रिलमध्ये वाट बांधायची, मेच्या मध्यास वारा मंदावला की शिखर गाठायचे व पावसाळ्यापूर्वी खाली उतरायचे, असा तेथील क्रम. सपाट माळावर वाढलेल्या मराठवाड्यालाही या शिखराची ओढ लागली आहे. औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, पोलीस दलातील रफिक शेख २०१६ साली तेथे पोहोचले आणि त्याच शहरातील प्राध्यापिका मनीषा वाघमारे २०१८ साली. त्यापूर्वी २०१२ साली पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेची मोठी नागरी मोहीम यशस्वी झाली होती. या साहसाचे कौतुक झाले ते योग्यच झाले. देवाने दिलेले शरीर व धैर्य कसाला लावणे हे काही पाप नव्हे.

स्वतःच्या हौसेसाठी मनुष्याने स्वतःचा जीव धोक्यात घालावा काय, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या वर्गात जुनाच आहे व त्याचे उत्तर फारसे अवघड नाही. सावधगिरी बाळगली, घरच्यांप्रती असलेले कर्तव्य टाळले नाही, तर साहस निषिद्ध ठरत नाही. परंतु आजचे बहुतेक गिर्यारोहण एकट्याचे नसते. दोराच्या दुसऱ्या टोकाला मोल देऊन आणलेला माणूस असतो. माझ्या हौसेसाठी त्याचा जीव धोक्यात घालण्याचा अधिकार मला पैशाने मिळतो काय? हा प्रश्न मला पहिल्याहून पुष्कळ कठीण वाटतो.

७ जून १९२२ रोजी एव्हरेस्टच्या उत्तर बाजूस हिमकडा कोसळला आणि सात हमाल गाडले गेले. त्यांच्यासोबत असलेले तिघे इंग्रज वाचले. त्यांपैकी हॉवर्ड सॉमरवेल हे शल्यचिकित्सक होते. मेले ते सगळे मजूरच, आपल्यापैकी एकही त्यांच्या मरणाचा भागीदार झाला नाही, ही खंत त्यांनी आपल्या आठवणींत नमूद केली आहे. त्याच प्रवासात त्यांनी दक्षिण त्रावणकोरातील नेय्यूरचे मिशन रुग्णालय पाहिले आणि लंडनमधील उज्ज्वल भवितव्य सोडून ते तेथे रुजू झाले. पुढील कित्येक वर्षे त्यांनी गोरगरिबांवर शस्त्रक्रिया केल्या. ते आपल्या ख्रिस्तसभेचे नव्हते, पण त्यांच्यापुढे माझे मस्तक लवते.

१८ एप्रिल २०१४ रोजी खुंबूच्या हिमप्रपातात पुन्हा तेच घडले. सोळा नेपाळी कामगार मरण पावले. त्यांत बहुतेक शेर्पा होते, गिऱ्हाईक एकही नव्हता. हा योगायोग नव्हे. कोसळणाऱ्या हिमखंडांच्या त्या पट्ट्यातून पाहुणा मोजक्या वेळा जातो. शेर्पा मात्र शिड्या, दोर, प्राणवायूच्या नळकांड्या, तंबू आणि पाहुण्यांचे अन्न वाहत पुनःपुन्हा जात-येत राहतो. सरकारने प्रथम प्रत्येक कुटुंबासाठी चाळीस हजार नेपाळी रुपयांची तातडीची मदत जाहीर केली, तेव्हा शेर्पांचा संताप अनावर झाला आणि त्या वर्षीचा हंगाम तेथेच थांबला.

यावर एक उत्तर ठरलेले असते: त्यांना कोणी जबरदस्ती केली नव्हती, मजुरी ठरली होती, ती त्यांनी मान्य केली होती. या उत्तरात तथ्य आहे, हे नाकारू नये. शेर्पा हा केवळ हमाल नव्हे. कामी रिता शेर्पा यांनी मे २०२५ मध्ये एकतिसाव्यांदा एव्हरेस्ट सर केले. अशा माणसांची कीव करणे हा त्यांचा अपमान होईल. शिवाय दोन-तीन महिन्यांच्या या कामावर त्यांचे वर्षाचे घर चालते. गिर्यारोहण बंद करा म्हणणारा त्यांच्या चुलीचा विचार करीत नाही.

तथापि मान्यता मिळाली म्हणजे न्याय झाला, हे ख्रिस्तसभेने कधीच मानलेले नाही. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात स्पष्टपणे सांगितले की, मालक व मजूर यांच्या कराराच्या आधी निसर्गदत्त न्याय उभा असतो, आणि गरजेपोटी वा भीतीपोटी ज्याने कठोर अटी पत्करल्या तो अन्यायाचा बळी ठरतो. हे समजायला आम्हांला नेपाळला जाण्याची गरज नाही. वैशाखात गाळ काढण्यासाठी यारीच्या दोराने विहिरीत उतरणारा माणूस आपण पाहतो. दगड सुटेल, खाली हवा कोंदलेली असेल, हे त्याला माहीत असते आणि काठावर उभ्या असलेल्या मालकालाही. रोज ठरलेला असतो. २०१२-१३ च्या दुष्काळात तर आपल्या जिल्ह्यात पाण्याच्या आशेने असे कितीजण खोल उतरले असतील! त्याने होकार दिला एवढ्याने काठावरच्या माणसाची जबाबदारी संपते, असे आपल्यापैकी कोणीही मनापासून म्हणणार नाही.

विहिरीवरून दावीद राजाची गोष्ट आठवते. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात ती आहे आणि प्रवचनांत ती क्वचितच येते, याचे मला नवल वाटते. राजा गुहेत होता, बेथलेहेम पलिष्ट्यांच्या ताब्यात होते. वेशीजवळच्या विहिरीचे पाणी प्यावेसे वाटते, असे तो सहज बोलून गेला. तिघे वीर शत्रूची फळी फोडून गेले व पाणी घेऊन आले. दावीद ते प्याला नाही. जिवावर उदार होऊन गेलेल्या माणसांचे हे रक्तच आहे, असे समजून त्याने ते परमेश्वरापुढे ओतून टाकले. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुले हमखास विचारतात, ‘फादर, मग त्यांची मेहनत फुकट नाही का गेली?’ मला वाटते, फुकट गेली नाही. राजाची लहर ही आज्ञेसारखी असते, हे दाविदाला पाणी समोर आल्यावर कळले. त्या क्षणी त्याने आपल्या तहानेची किंमत आणि त्या माणसांची किंमत यांची तुलना केली, आणि यापुढे असे पाणी मला नको, हे त्या वीरांना कृतीने सांगितले.

गिर्यारोहकाला असे ‘ओतून टाकणे’ शक्य असते. ते म्हणजे शिखर समोर दिसत असताना मागे फिरणे. मनीषा वाघमारे २०१७ साली शिखराच्या अगदी जवळून परतल्या होत्या. सत्काराच्या भाषणांत २०१८ चा उल्लेख अधिक होत असेल, पण मला २०१७ चा निर्णयही तेवढाच मोठा वाटतो. याउलट १८२० साली माँ ब्लाँवर डॉक्टर हामेल यांच्या चढाईत, हवा बिघडली असता व मार्गदर्शक कां-कूं करीत असताना, वर जाण्याचा आग्रह धरला गेला. हिमप्रपाताने तीन मार्गदर्शक हिमनदीच्या भेगेत लोटले गेले. पुढच्याच वर्षी शामोनीच्या मार्गदर्शकांनी आपली संघटना उभारली व आपद्ग्रस्त कुटुंबांसाठी निधी काढला. उन्हाळ्यात शिखरे आणि हिवाळ्या-वसंतात बर्फावरचे स्कीइंग, दोन्हींसाठी तेथे आजही त्यांनाच सोबत घेतात. दरवर्षी १५ ऑगस्टला, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला, तेथील धर्मगुरू त्यांच्या दोरांना व कुऱ्हाडींना आशीर्वाद देतात.

पोप अकरावे पायस यांचीही येथे आठवण होते. धर्मगुरू अकिल्ले रात्ती असताना, १८८९ साली, त्यांनी एक धर्मगुरू मित्र व दोन डोंगरी साथीदार यांच्यासह मोंते रोझाचा पूर्वेकडील अवघड कडा चढला. अंधार पडल्यावर चौघांनी शिखराखालच्या अरुंद कपारीवर थंडीत रात्र काढली. तेथे कोणी मालक नव्हता, कोणी नोकर नव्हता. झोप लागली तर चौघेही मरणार होते. याच रात्ती यांनी पोप झाल्यावर १९३१ साली कामगारांच्या न्याय्य वेतनाविषयी ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’ हे परिपत्रक लिहिले. त्या रात्रीचा आणि परिपत्रकाचा थेट संबंध जोडण्याचे धाडस मी करणार नाही, पण धोक्यात वाटेकरी होणे काय असते, हे त्यांना ऐकून नव्हे तर अनुभवाने ठाऊक होते.

आपल्या धर्मग्रामांतील मुलेही आता मे महिन्यात हिमालयात पदभ्रमणाला जातात. आईवडील पैसे भरताना जेवण, मुक्काम, परतीचे तिकीट यांची बारकाईने चौकशी करतात. त्याच वेळी आणखी दोन-तीन गोष्टी विचारता येतील. सामान वाहणाऱ्यांचा विमा उतरवला आहे काय? त्यांना तंबू, बूट व गरम कपडे मुलांसारखेच मिळतात काय? आणि वाटाड्याने ‘आज पुढे जायचे नाही’ असे म्हटले, तर त्याची मजुरी कापली जाते काय?