अर्धं राज्य, फाटका कागद

समुद्राच्या तळाशी बिकिनी बॉटम नावाचं गाव आहे. तिथं दोन हॉटेलं रस्त्याच्या अल्याड-पल्याड उभी आहेत. एकात बसायला जागा मिळत नाही, दुसऱ्याकडे कुणी फिरकत नाही. पहिल्याचा मालक युजीन क्रॅब्स हा खेकडा. पैशावर त्याचा भारी जीव. दुसऱ्याचा मालक शेल्डन प्लँक्टन, एका डोळ्याचा, हिरवा, बोटाच्या पेराएवढा. क्रॅब्सच्या तिजोरीत 'क्रॅबी पॅटी'ची कृती आहे. ती चोरायला प्लँक्टन निघतो, पकडला जातो, चिरडला जातो आणि पुन्हा निघतो. 'स्पंजबॉब स्क्वेअरपँट्स' ही मालिका निकलोडियनवर 1 मे 1999 रोजी सुरू झाली, आणि हा पाठशिवणीचा खेळ अजून संपलेला नाही. न्यू जर्सीतल्या आमच्या घरात तो आधी मुलानं पाहिला, आता नात पाहते.

मी स्वतः तो नीट पाहिला नव्हता. एका शनिवारी सात वर्षांच्या नातीशेजारी बसलो होतो, तेव्हा 2007 सालचा एक भाग लागला. त्यातून कळलं, की हे दोघं बालपणीचे जिवलग मित्र. दोघंही गरीब, दोघांनाही शाळेत कुणी खेळायला घेत नसे. बर्गर करून विकायचा बेत दोघांनी मिळून केला. पहिलंच गिऱ्हाईक, एक म्हातारा, तो खाऊन आजारी पडला. चूक कुणाची यावरून जुंपली. कृतीचा कागद दोघांनी दोन बाजूंनी ओढला आणि तो फाटला. हाती आलेला तुकडा घेऊन प्लँक्टन जो बाहेर पडला, तो पुढं समोरच दुकान थाटून बसला.

नात म्हणाली, "पण आबा, त्यांनी आधीच कॉपी का नाही काढून ठेवली?"

मी गप्प बसलो. तिला सांगण्यासारखं माझ्याकडे बरंच होतं, पण ते त्या सोफ्यावर बसून सांगता आलं नसतं.

प्लँक्टन 1999 साली आला तेव्हा तो नुसता चोर होता. त्याची मैत्री त्याला आठ वर्षांनी मिळाली. अमेरिकी कार्टूनांत हे अनेकदा झालेलं दिसतं: वैरी आधी येतो, तो कधीकाळचा मित्र होता हे मागाहून कळतं. 'ट्रान्सफॉर्मर्स' सप्टेंबर 1984 मध्ये दूरदर्शनच्या पडद्यावर आली, तेव्हा ऑप्टिमस प्राइम हा सज्जनांचा नायक आणि मेगाट्रॉन हा दुर्जनांचा, एवढं मुलांना पुरत असे. पुढच्या आवृत्त्यांत त्यांच्यातला जुना स्नेह हळूहळू डोकावू लागला. 2024 च्या 'ट्रान्सफॉर्मर्स वन' या चित्रपटात तर सगळी कथाच त्याची झाली. ओरायन पॅक्स आणि डी-16 हे दोघं खाणीत राबणारे सोबती. दोघांची फसवणूक एकानंच केलेली. जखम एकच, पण तिचं काय करायचं याचं उत्तर दोघांचं वेगळं, आणि तिथून फाटतं ते कायमचं.

ऐंशीच्या दशकात असं का नव्हतं, याचं कारण बाजारात सापडतं. मुलांच्या कार्यक्रमांतल्या जाहिरातींवरची बंधनं अमेरिकेच्या दळणवळण आयोगानं 1984 मध्ये सैल केली आणि खेळणी विकणाऱ्या कंपन्यांच्या मालिकांचा पूर आला. 'शी-रा' मॅटेलची, 'ट्रान्सफॉर्मर्स' हॅसब्रोची. खेळण्यांच्या दुकानात दोन बाजू हव्यात, रंगावरून ओळखू येणाऱ्या. तिथं शत्रू कालचा मित्र निघाला तर मुलानं लढाई कशी लावायची? ती मुलं मोठी झाली आणि त्याच कथा नव्यानं सांगायला बसली, तेव्हा जन्मजात दुष्ट माणूस त्यांना पटेना. माझ्या मते गेल्या चाळीस वर्षांत मुलांच्या करमणुकीत झालेला सगळ्यांत चांगला बदल हाच आहे.

आपल्याला मात्र हे नवीन नाही. द्रोण आणि द्रुपद यांची गोष्ट आपण मुलांना सांगतो, पण घाईनं, अर्जुनाच्या गोष्टीकडे जाताना वाटेत लागते म्हणून. ती स्वतंत्र सांगण्याजोगी आहे. भरद्वाजांच्या आश्रमात एक ऋषिपुत्र आणि एक राजपुत्र बरोबरीनं वाढले. राजपुत्रानं पोरवयात शब्द दिला, की माझं राज्य ते तुझंही. पुढं द्रुपद पांचालाच्या गादीवर बसला. द्रोणाच्या घरी इतकं दारिद्र्य, की त्याचा मुलगा पिठाचं पाणी दूध समजून प्यायला आणि आनंदानं नाचला. ते पाहून द्रोण जुन्या मित्राच्या दारी गेला. द्रुपदानं त्याला ऐकवलं, की मैत्री बरोबरीच्यांत असते, राजाची आणि याचकाची कसली मैत्री.

द्रोणानं कौरव-पांडवांना अस्त्रविद्या शिकवली आणि गुरुदक्षिणेत द्रुपद मागितला. अर्जुनानं त्याला बांधून आणला. इथं सूडाची कथा संपायला हवी होती. द्रोणानं त्याला मारलं नाही. अहिच्छत्राकडचा उत्तर पांचाल ठेवून घेतला, गंगेच्या दक्षिणेकडचा त्याला परत दिला, आणि सांगितलं, की बरोबरी असल्याशिवाय मैत्री नाही असं तूच म्हणाला होतास, आता आपण बरोबरीचे झालो.

मी ही गोष्ट लहानपणी कितीदा ऐकली असेल, पण यातलं शेवटचं वाक्य मला पन्नाशीनंतर ऐकू आलं. द्रोणाला राज्य नको होतं, मित्र हवा होता. जुन्या मित्राचं वैर आणि परक्याचं वैर यांत फरक इथंच पडतो. परक्या शत्रूला तुम्ही नाहीसे व्हायला हवे असता. दुरावलेल्या मित्राला तुम्ही समोर हवे असता, आणि त्याला बरोबरीचा म्हणायला हवे असता. प्लँक्टननं कुठल्याही दूरच्या गावात दुकान काढलं असतं तर कदाचित ते चाललंही असतं. त्यानं ते क्रॅब्सच्या दारासमोरच काढलं.

ही मालिका काढणारे स्टीफन हिलेनबर्ग 2018 मध्ये गेले. ते आधी कॅलिफोर्नियात डाना पॉइंट इथं समुद्री जीवशास्त्र शिकवत असत. म्हणून एक गोष्ट इथं सांगावीशी वाटते. समुद्रातल्या खेकड्याचं पिल्लू अंड्यातून बाहेर पडतं तेव्हा त्याला ना धड नांग्या असतात, ना तळाशी चालायचे पाय. ते पाण्यात तरंगत, प्रवाह नेईल तिकडे जातं. जीवशास्त्रात अशा तरंगत्या जिवांना प्लवक म्हणतात, इंग्रजीत प्लँक्टन. म्हणजे समुद्रातला जवळजवळ प्रत्येक खेकडा आयुष्याच्या सुरुवातीला प्लँक्टनच असतो. हिलेनबर्ग यांच्या मनात हे होतं की नव्हतं, त्यानं काही बिघडत नाही. क्रॅब्स ज्याला रोज नांगीनं उडवून लावतो, तो त्याच्याच बालपणाचा तुकडा आहे.

द्रुपदाला ती बरोबरी सोसली नाही. त्यानं यज्ञ केला, तो द्रोणाला मारणारा मुलगा व्हावा म्हणून. अग्नीतून धृष्टद्युम्न आला, मागोमाग द्रौपदी आली. द्रोणानं याच धृष्टद्युम्नाला शिष्य म्हणून धनुर्विद्या शिकवली, आणि युद्धाच्या पंधराव्या दिवशी त्याच शिष्याच्या हातून तो गेला. दोन पोरांनी आश्रमात केलेला एक वायदा, आणि त्याच्या पोटी कुरुक्षेत्र! भांडण दोन मित्रांचं, ते निस्तरायला पुढची पिढी.

'शी-रा'ची नवी मालिका मला म्हणूनच जवळची वाटते. 1985 च्या मूळ मालिकेतली कॅट्रा खलनायिका होती. एन. डी. स्टीव्हन्सन यांनी 2018 ते 2020 या काळात नेटफ्लिक्ससाठी केलेल्या 52 भागांत अडोरा आणि कॅट्रा या एकत्र वाढलेल्या पोरक्या मुली आहेत. काही झालं तरी एकमेकींना सांभाळायचं, असा त्यांचा करार असतो. त्यांना वाढवणारी शॅडो विव्हर एकीला हुशार म्हणून जवळ घेते आणि दुसरीला तिच्या नावानं बोल लावते. दोघी जिथं वाढल्या ती लबाडांची छावणी अडोरा सोडून जाते, तेव्हा कॅट्राला ती तत्त्वासाठी गेलेली दिसत नाही, आपल्याला टाकून गेलेली दिसते. तिच्या हातून पुढं भयंकर गोष्टी घडतात. मालिका त्यांवर पांघरूण घालत नाही. तिला क्षमा मागावी लागते, जीव धोक्यात घालावा लागतो, आणि पाचव्या पर्वात ती परत येते तेव्हा कुठं दोघींना आपण एकमेकींवर प्रेम करत होतो हे म्हणता येतं. प्लँक्टनच्या वाट्याला असा शेवट येणार नाही. अकरा मिनिटांच्या भागात सगळं जिथल्या तिथं परत यावं लागतं, नाहीतर पुढचा भाग निघणार नाही. पण मुलांच्या हाती एकच मालिका द्यायची असेल, तर मी 'शी-रा' देईन. वैर कुणी पेरलं हे ती नाव घेऊन सांगते. ते एका मोठ्या माणसानं पेरलं, दोन मुलींना एका तराजूत घालून.

हाच तराजू पैशांचाही असतो. कॅन्सस सिटीत 1919 मध्ये वॉल्ट डिस्नी आणि अब आयवर्क्स भेटले, दोघंही अठराच्या आसपास. मिकी माऊस 1928 मध्ये आयवर्क्सच्या हातानं कागदावर उतरला. 'स्टीमबोट विली'च्या सुरुवातीच्या पाटीवर दोघांचीही नावं आहेत. जगानं एकच लक्षात ठेवलं. 1930 मध्ये आयवर्क्सनं स्टुडिओ सोडला तेव्हा त्याच्या वीस टक्के वाट्याचे त्याला तीन हजार डॉलरही मिळाले नाहीत. पण 1940 मध्ये तो परत आला आणि शेवटपर्यंत तिथंच तांत्रिक करामती करत राहिला. त्या दहा वर्षांत दोघांना काय वाटलं असेल, यावर मी बराच विचार करत असतो. जो परत आला तो मला मोठा वाटतो, आणि ज्यानं दार उघडं ठेवलं तोही.

आता माझं. 1993 मध्ये मी आणि सांगलीपासूनचा एक मित्र, आम्ही दोघांनी मिळून त्याच्या घराच्या तळघरात मुलांसाठी मराठीचा वर्ग सुरू केला. नऊ मुलं होती. उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांना जोडणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 पासून होतं, पण आमच्या भागात दर आठवड्याला मुलांना अक्षरं गिरवून घेणारं कुणी नव्हतं. आम्ही हातानं बत्तीस पाठ लिहिले, चित्रं काढली. 'क कमळाचा' या पानावर कमळाची एक पाकळी राहून गेली होती. माझा मुलगा आणि त्याचा मुलगा शनिवारी सकाळी वर्गाच्या आधी त्या तळघरात एकत्र टीव्ही बघत. 1999 च्या उन्हाळ्यात त्यांना स्पंजबॉब सापडला होता.

2000 मध्ये एका स्मरणिकेत वर्गाची माहिती छापून आली. त्यात कुणाचं नाव आधी, यावरून आमचं बिनसलं. एवढंच कारण होतं. आज लिहिताना हात अडखळतो, पण दुसरं काही नव्हतंच. मी सहा मैलांवर एका वाचनालयात दुसरा वर्ग काढला. पुढची अकरा वर्षं दोन्ही वर्गांत तेच बत्तीस पाठ शिकवले गेले, कारण आम्हा दोघांकडेही प्रती होत्या. दोन्हीकडच्या मुलांनी तेच एक पाकळी कमी असलेलं कमळ रंगवलं. क्रॅब्स आणि प्लँक्टनकडे निदान एकच कागद होता. आमच्याकडे सगळं सगळ्यांना पुरेल एवढं होतं, तरी पुरलं नाही.

बिनसलं तेव्हा माझा मुलगा अकरा वर्षांचा होता. मित्राकडे जायचं नाही, असं मी त्याला कधी म्हटलं नाही. मी फक्त प्रत्येक वेळी विचारत असे, की त्यांच्याकडे किती मुलं येतात, त्याला किती वाचता येतं, तुझ्यापेक्षा बरं येतं का. सहा महिन्यांत मुलानं त्याचं नाव काढायचं थांबवलं. 'शी-रा' पाहताना शॅडो विव्हर पडद्यावर आली की मला हेच आठवतं.

आमच्या लहानपणी करंगळी दाखवली की कट्टी व्हायची आणि दोन बोटं जुळवली की बट्टी. कट्टी जेवढ्या वेळात व्हायची, तेवढ्याच वेळात बट्टीही. शिक्षकांना मध्ये पडावं लागत नसे. मोठे झाल्यावर आपल्याकडे कट्टीसाठी शंभर शब्द येतात: मतभेद, तत्त्व, स्वाभिमान, अन्याय. बट्टीसाठी एकही येत नाही. तिकडे सांगलीत राहिलो असतो तर कुणा मामा-काकानं दोघांना एका ताटावर बसवलं असतं. इथं शेजारी आम्हाला ओळखत नव्हते, आणि जे ओळखत होते ते कुणाच्या तरी बाजूचे झाले होते.

इथल्या मराठी शाळांत शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे, की द्रोण-द्रुपदाची गोष्ट मुलांना पूर्ण सांगा, आणि ती अर्जुनापाशी न थांबवता यज्ञापर्यंत न्या. स्पंजबॉब पाहिलेल्या मुलांना ती लगेच कळेल. आणि वर्गात दोन मित्र असतील, तर एकाला दुसऱ्याचे गुण विचारू नका.

माझ्या मुलानं आणि त्याच्या मित्रानं एकमेकांना कधीच शोधून काढलं आहे. आम्हा दोघांना न सांगता, कॉलेजात असतानाच. गेल्या उन्हाळ्यात नातीच्या वाढदिवसाला त्याची लहान मुलगी आमच्या अंगणात खेळत होती, आणि ती कुणाची हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

बत्तीस पाठांची फाईल मी गेल्या आठवड्यात कपाटातून काढली. कमळाच्या पानाची प्रत काढून नातीला दिली आहे, ती राहिलेली पाकळी काढणार आहे. लक्ष्मीपूजनानंतरच्या शनिवारी ती फाईल आणि नातीला घेऊन मी माझ्या मित्राकडे जाणार आहे. फोन केला होता. तो 'ये' म्हणाला.